वास येत नाही

पोटुशी बाईनं वास येतोय म्हटलं की घर हसतं. तिला चक्कर आली तर लिंबू कापतील, पाय सुजले तर उशी आणून देतील, पण वास आला म्हटली की एकमेकांकडं बघून हसतील. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं ते घर तीन आठवडे हसत होतं. शिवलीला जीव तोडून सांगत होती, बोटीत संडासाच्या पाईपाचा वास येलालाय, पाईप बदला. आणि घर म्हणत होतं, डोहाळे आहेत, नाक तिखट झालंय हिचं. आता रविवारी सकाळी नऊ वाजता उजनीच्या काठावर तीच बोट झेंडूच्या माळा घालून उभी होती आणि तिच्यातच शिवलीलाचं कुबस व्हायचं होतं.

कुबस म्हणजे डोहाळजेवण. अक्कलकोटकडची कानडी बोलणारी माणसं त्याला कुबस म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे, चोळी. सातव्या महिन्यात पोटुशीला नवा खण द्यायचा, ओटी भरायची, पाच तऱ्हेचे भात खाऊ घालायचे. सोलापुरात हल्ली नावेतलं डोहाळजेवण म्हणून पुठ्ठ्याची नाव चौरंगाला बांधतात आणि त्यात बाईला बसवून फोटो काढतात. अव्वा म्हणाल्या होत्या, लोकांना पुठ्ठ्याची मिळत नाही, आपली तर खरी नाव आहे की. झालं. सासूनं म्हटलं म्हणजे ठरलं. बोटीचं नावसुद्धा अव्वांचंच होतं. पुढच्या अंगाला लाल रंगात मोठं लिहिलेलं, रत्नम्मा.

घरातली माणसं पुढं येऊन थांबली होती. अक्कलकोटची पाहुणे मंडळी, शिवलीलाच्या माहेरची, अकरापर्यंत टेम्पो ट्रॅव्हलरनं पोचणार होती. वीस-बावीस माणसं. ती आली की सगळ्यांना घेऊन बोट पाण्यात मधोमध जायची, रोहित पक्ष्यांचा थवा बसतो तिथवर.

शिवलीलानं फळीवर एक पाय ठेवला आणि तिथंच थांबली. पदर नाकाला लावला. मग पाय मागं घेतला.

"मी नाही बसणार," ती म्हणाली.

तिचा नवरा शिवयोगी आत फुगे बांधत होता. दोन वर्षांपूर्वी दुकानात बसणार नाही म्हणून भांडून त्यानं मालवणहून ही जुनी बोट आणली होती. भांडताना आवाज मोठा होता. त्यानंतर मात्र थोरल्या भावासमोर त्याचा आवाज निघालेला कुणी ऐकला नाही. तो फुगा हातात धरूनच बाहेर आला.

"लीला, आज नको ना. अकराला सगळे येतील."

"म्हणून तर आज. मी एकटी असते तर बसले असते नाक दाबून. बावीस माणसं बसवणार तुम्ही ह्यात."

"अण्णानं स्वतः पाईप घातलाय. दिवाळीत. नवा कोरा."

"नवा आहे हे मला पण माहीत आहे. बरोबर आहे का, ते विचारतेय मी. तीन आठवडे विचारतेय. बोटीची बुकिंगं मी घेते, गिऱ्हाईकांच्या शिव्या मी खाते. परवाच्या पुण्याच्या बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? ताई, पक्षी छान आहेत, पण तुमच्या बोटीत काही मेलंय का बघा. त्या बाई काही पोटुशी नव्हत्या. चांगल्या साठीच्या होत्या."

शिवयोगीला हसू येणार होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. शिवलीलाला ते गिळलेलं हसू दिसलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वास येतोय म्हणून एक राग, आणि आपलं बोलणं पोटामुळं खोटं ठरतंय म्हणून दुसरा. दुसरा जास्त होता.

थोरला भाऊ महेश्वर बोटीतच होता. बाहेरचं बोलणं त्याला ऐकू गेलं, कारण तो ऐकायलाच उभा होता. तिप्पण्णा पाईप अँड पंप हे दुकान वडिलांनी उभं केलं आणि गेली पंधरा वर्षं त्यानं चालवलं. पाईप हा त्याचा विषय. त्याच्या विषयात घरातल्या धाकट्या सुनेनं बोलावं, ते पण पाहुणे यायच्या तोंडावर, हे त्याला झोंबलं. आणि त्याचंही म्हणणं अगदीच वेडं नव्हतं, ते सांगायला हवं. मालवणहून बोट आली तेव्हा तिच्यातले पाईप म्हातारे झाले होते. तळातलं पाणी उपसायच्या पंपाचा पाईप कडक होऊन तडकला होता, संडासापासून टाकीपर्यंतचा पिवळा पडला होता. मालवणचा मिस्त्री म्हणाला, बोटीचा म्हणून वेगळा जाड पाईप येतो, तोच घाला. महेश्वरला तो अपमान वाटला. चाळीस वर्षं पाईप विकणाऱ्या घरानं दुसऱ्याकडून पाईप आणायचा? कांदेवाल्यानं शेजाऱ्याकडं कांदा मागावा तसं झालं ते. त्यानं दुकानातला हिरवा सक्शन पाईप आणला, विहिरीवर लावतात तो, आणि दिवाळीतल्या एका रविवारी ढोपरं सोलून घेत स्वतः दोन्हीकडं बसवला. मन लावून बसवला. चूक मन लावून केली की ती कबूल करणं फार जड जातं.

"काय झालं?" त्यानं विचारलं, जणू ठाऊकच नाही.

"अण्णा, बोटीचा वास," शिवयोगी पुटपुटला.

"पुन्हा? अगं बाई, आप्पांनी हुंगून पास केलाय तो पाईप. तुझ्यासमोर."

आप्पांनी हुंगलाय. ह्या दोन शब्दांपुढं त्या घरात बोलणं संपायचं. आप्पा म्हणजे सासरे, तिप्पण्णा, आणि त्यांचं नाक म्हणजे दुकानाचा शिक्का. रबराचा तुकडा नाकाशी धरून ते सांगायचे, ह्यात कोरं रबर किती आणि जुना टायर वितळवून घातलेला किती. नातेपुत्याचा, माळशिरसचा ऊसवाला एवढ्या लांबून पाईप न्यायला यायचा तो गॅरंटी विचारायचा नाही. आप्पांनी हुंगलाय का, एवढंच विचारायचा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नवा माल आला की पोरगं गुंडाळी घेऊन गल्ल्यापाशी येई, आप्पा वाकत, डोळे मिटत आणि म्हणत, "वास येत नाही." की माल मांडणीवर.

आत्ता आप्पा काठावरच्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, धोतर सावरून, पाण्याकडं बघत. बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. त्यांनी मान वळवली नाही.

"आप्पांचा मान आहेच," शिवलीला म्हणाली. "पण मालवणच्या मिस्त्रीला मी काल फोन केला होता."

"तू फोन केलास?" महेश्वर म्हणाला. "मिस्त्रीला? घरात दोन पाईपवाले असताना?"

"केला. त्यांनी एक परीक्षा सांगितली. फडकं गरम पाण्यात भिजवायचं, पिळायचं, संडासाच्या पाईपाला गुंडाळायचं. गार होईपर्यंत ठेवायचं. मग पाईप नाही, ते फडकं हुंगायचं. फडक्याला वास आला तर पाईपाच्या अंगातून घाण झिरपतेय. तसा पाईप धुऊन उपयोग नाही, फेकायचा. दहा मिनिटांचं काम आहे, अण्णा. खोटी ठरले तर मी गुपचूप बसते बोटीत, फोटोत हसतेसुद्धा."

आता ह्याला नाही कसं म्हणायचं? महेश्वर काही बोलायच्या आत त्याची बायको दाक्षायणी थर्मास घेऊन आली. ती चहा द्यायला आली होती. घरात दोन सुना, थोरली ही. हिनं आजवर नवऱ्याचं वाक्य तोडलेलं नव्हतं.

"अक्का, तुमच्याकडं गरम पाणी आहे?" शिवलीलानं विचारलं.

"ह्या थर्मासात चहा, त्या थर्मासात पाणी. कशाला?"

"आणि कोरं फडकं. वास नसलेलं."

शोधाशोध झाली. बोटीवरची चिंधी डिझेलनं माखलेली. पंच्याला उदबत्तीचा वास. दाक्षायणीच्या रुमालाला अत्तर. शिवलीला ओटीच्या ताटाशी गेली. ताटात नारळ, खारीक, हळकुंड, आणि सगळ्यांच्या वर घडी घातलेला हिरवा इरकली खण, लाल काठाचा. तिनं तो उचलला.

"अगं, अगं, काय करलालीस?" दाक्षायणी म्हणाली. "कुबसाचा खण आहे तो. शुभाचा."

"माहेरचा खण आई घेऊन येतेय, तो मी ओटीत घेईन. हा सासरचा." शिवलीलानं घडी मोडली. "सासरचा खण सासरच्या पाईपाला."

हे ऐकून दाक्षायणीला राग यायला हवा होता. तिचाच तर हात होता खण निवडण्यात, चाटी गल्लीत दोन तास घालवून. पण तिच्या डोक्यात भलतंच आलं. अठरा वर्षांपूर्वी ती स्वतः पोटुशी होती, पाचवा महिना. स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय म्हणाली होती. सगळे हसले होते. हाच महेश्वर म्हणाला होता, दाक्षाला आता फुलाचा पण गॅस वाटेल. चौथ्या दिवशी शेजारीण तिखट मागायला आली, तिला वास लागला आणि ती ओरडत बाहेर पळाली, तेव्हा रेग्युलेटर बदलला. शेजारणीचं नाक खरं आणि आपलं खोटं, हे दाक्षायणीनं तेव्हा गिळलं होतं. पचलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं.

"पाणी मी ओतते," ती म्हणाली. "तू वाकू नको."

महेश्वर बायकोकडं बघतच राहिला.

बोट चालवणारा कुंडलिक काठावरच्याच गावचा. मासेमारीतला माणूस, पन्नाशीचा, सगळं बघून न बघितल्यासारखं करणारा. त्यानं मागच्या बाजूची फळी उचलली. खालून ऊबदार, कुबट वास वर आला. शिवलीला मागं सरली. दाक्षायणीनं पदर तोंडाला लावला, खण गरम पाण्यात दोनदा खळखळून खळ काढून टाकली, पिळला आणि कुंडलिककडं दिला. कुंडलिकनं तो हिरव्या पाईपाला घट्ट गुंडाळला. हिरव्यावर हिरवा.

"ह्याला धा मिंटं लागतील," तो म्हणाला. मग अंमळ थांबून, फळीखाली बघतच म्हणाला, "वैनी खोटं बोलंना झाल्यात, मालक."

"तुला कुणी विचारलं?" महेश्वर म्हणाला.

"कुनी न्हाय इचारलं. म्हून तर बोललो न्हाय इतके दीस. दिवाळीत म्या सांगितलं व्हतं तुमास्नी. तळाचं पानी भाईर टाकायचा पाईप सरळ न्हेऊ नगा, वर उचलून वाकवून मग भाईर काडा. तुमी म्हनला, पाईपवाले आमी का तू?"

"मग? पाणी बाहेर पडतंय की."

"बोट रिकामी असली की पडतंय. भरली की बोट खाली बसती, पाईपाचं तोंड पान्यात जातंय, आन् भाईरचं पानी त्याच वाटंनं आत येतंय. मागल्या ऐतवारी चौदा मानसं व्हती. माघारी आलो तवर घोट्याएवढं पानी रत्नम्माच्या पोटात."

एरवी ह्या वाक्याला सगळे हसले असते. अव्वा भाताचे डबे लावत होत्या, त्या उठून आल्या. पंचाहत्तरीची बाई, पण पाठ ताठ.

"कुणाच्या पोटात?"

"बोटीच्या, अव्वा," शिवयोगी घाईनं म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मागच्या रविवारी चौदा होती, आज बावीस बसणार होती, आणि वर त्याची सात महिन्यांची पोटुशी बायको. "कुंडलिक, मला का नाही सांगितलंस?"

"तुमी म्हनता, अण्णास्नी इचारा."

खरंच शिवयोगी तसंच म्हणायचा.

अव्वांचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या फळीखालच्या काळ्या पाण्याकडं बघत होत्या. "हे काळं कशानं?"

"संडासाचा पाईप जोडापाशी गळतोय. थेंब थेंब खाली पडतंय. रोज सकाळी पंप लावून भाईर काडतो."

"बाहेर म्हणजे कुठं?"

कुंडलिकनं पाण्याकडं बोट केलं. "कुटं जानार, अव्वा. हितंच. धरनात."

अव्वा हळूच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं सोलापुरात. हंडे भरून ठेवते मी. ते पाणी इथलंच ना, महेश? त्या पाण्यानं मी रोज सकाळी लिंगाला अभिषेक करते. तेच पाणी पिते. तेच ह्या पोरीच्या पोटातल्या लेकराला जातंय. आणि तू माझ्या नावाच्या बोटीतून त्यात हे सोडलालास?"

"अव्वा, एवढ्या मोठ्या धरणात थेंबभर—"

"थेंबभर असू दे. ताटात थेंबभर पडलं तर जेवशील?"

महेश्वरची मान खाली गेली, पण क्षणभरच. चहूकडून घेरलेला माणूस शेवटी भिंत शोधतो आणि त्याची भिंत लिंबाखाली बसलेली होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "जोड गळत असेल. आवळून घेऊ. पण पाईपाच्या अंगातून वास येतोय हे मी मानणार नाही. काढ ते फडकं. आप्पा हुंगतील. आप्पा म्हणतील ते मला मान्य. तुला मान्य आहे?"

शिवलीलानं आप्पांकडं पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ह्या घरात खऱ्यानं वागवणारं माणूस म्हणजे आप्पा. बोट घेऊ दे त्याला, असं शिवयोगीच्या बाजूनं तेच बोलले होते. ते खोटं बोलणार नाहीत, ह्यावर तिचा भरवसा होता.

"मान्य," ती म्हणाली.

कुंडलिकनं खण सोडला. गार झाला होता. दाक्षायणीनं तो दोन बोटांत धरला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग शिवयोगीकडं दिला. शिवयोगीनं हुंगला आणि लगेच हात लांब केला. महेश्वरनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, स्वतः हुंगला नाही, आणि काठावर नेऊन आप्पांच्या हातात ठेवला. सगळे त्याच्या मागोमाग गेले.

आप्पांनी डोळे मिटले. खण नाकाशी धरला, दुकानात धरत तसाच. दीर्घ श्वास घेतला. पुन्हा एक घेतला. पाण्यावरून कुठलासा पक्षी ओरडत गेला.

"वास येत नाही," आप्पा म्हणाले.

महेश्वरचा जीव भांड्यात पडला. "ऐकलं?" तो म्हणाला.

शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच पाणी होतं ते. तिनं तोंड उघडलं, पण शब्द मान्य असा दिला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, की कदाचित आपणच वेड्या असू. कदाचित खरंच पोटामुळं. एका धडधाकट बाईला असं वाटायला लावणं ह्याहून वाईट काय असतं, मला सांगा.

अव्वांनी पुढं होऊन नवऱ्याच्या हातातला खण घेतला. नाकापर्यंत न्यावाही लागला नाही.

"नारतद," त्या म्हणाल्या. कानडीत म्हणाल्या, पण घाण घाणच असते, कुंडलिकलाही कळलं. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "वास येत नाही म्हणालात. कुणाला येत नाही? खणाला, का तुम्हाला?"

आप्पा धोतर सावरू लागले.

"आज पहाटे उप्पीट केलं. माझं लक्ष नव्हतं, फोडणी जळाली. पोरांनी ताटल्या सरकवल्या. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलात. मागं दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर, तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं, वय झालं. आज म्हणत नाही."

आप्पांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. "कोरोनात गेलं," ते म्हणाले. "परत येईल म्हणाला डॉक्टर. आलं नाही. चार वर्षं झाली."

"चार वर्षं?" महेश्वरचा आवाज चिरकला. "चार वर्षं तुम्ही माल पास करलालाय, आप्पा. नुसता आला माल हुंगायचा आणि—"

"मी खोटं कधी बोललो नाही, महेश. वास येत नाही म्हणायचो. खरंच येत नव्हता. तुम्ही ऐकलंत ते वेगळं."

आता ह्याला काय म्हणावं? शब्द खरा आणि माणूस खोटा, असं होतं कधी कधी. भाषेनं त्यांना एक फट दिली होती आणि चार वर्षं ते त्या फटीत राहिले.

"का पण?" दाक्षायणीनं विचारलं.

"नाक गेलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ह्यानं मला गल्ल्यावरून उठवून घरी बसवलं असतं. आप्पा, आता आराम करा." ते महेश्वरकडं न बघता बोलले, आणि महेश्वरनंही नाही म्हटलं नाही. "नाकावर बसलो होतो मी त्या दुकानात. दुसरं काय येतं मला?"

शिवलीला त्यांच्यासमोर उभी राहिली. कमरेला हात लावून, पोटाचा भार सावरून.

"तुमचं नाक गेलं ह्याचा मला राग नाही, आप्पा. आजार कुणाला चुकलाय? पण मी तीन आठवडे ओरडत होते. सगळे मला हसत होते आणि तुमचं नाव सांगत होते. तुम्हाला ठाऊक होतं की तुम्हाला कळत नाही. मग तिला कळत असेल, एवढं तरी म्हणायचं होतं. बावीस माणसं बसवणार होते तुमच्या शब्दावर. 'मला' एवढा एक शब्द पुढं लावायचा होता हो. मला वास येत नाही. किती जड आहे तो शब्द?"

आप्पांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं.

शिवयोगी वळला आणि बोटीकडं गेला. फळी पार करून आत गेला, माळा तोडल्या नाहीत की फुगे काढले नाहीत, सरळ कुंडलिकच्या डब्यातली सुरी घेतली. "अण्णा, मी पाईप कापलालोय," तो आतूनच म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. दोन्ही पाईप त्यानं बाहेर ओढून काठावर टाकले. संडासाच्या पाईपाची आतली बाजू काळी झाली होती. तळाच्या पाईपाला डिझेलनं आणि उन्हानं भेगा पडल्या होत्या, दाबला की त्या तोंड उघडत. "आजच्या दिवस बोट हलणार नाही. मालवणहून बरोबरचा पाईप येईल, कुंडलिक म्हणतोय तसा वर उचलून बसेल, मग हलेल. कुबस काठावर."

महेश्वरनं आपल्या हातानं बसवलेला पाईप पायाशी पडलेला पाहिला. तो वाकला, एक भेग बोटानं चाचपली आणि तिथून उठून सतरंजी आंथरायला गेला. हरलेल्या माणसाला काही तरी काम लागतं.

अकराला पाच मिनिटं असताना अक्कलकोटची गाडी आली. आधी हसणं उतरलं, मग माणसं. शिवलीलाचे वडील चन्नप्पा पुढं. सूर्यफूल आणि ऊस करणारे शेतकरी, ह्याच दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, आणि सोयरीक जुळली ती दुकानातल्या ओळखीवरच. लिंबाखाली सतरंजी, चौरंग, भाताचे डबे. आणि पाण्यात सजवलेली रिकामी बोट.

"काय महेश्वर, नावेतलं कुबस म्हणालात आणि नाव बांधून ठेवलीत?" चन्नप्पांनी हसत विचारलं.

महेश्वरला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. तोंडात बसलेलं वाक्य होतं. "काय सांगायचं, मामा. तुमच्या लेकीला बोटीचा वास सोसेना. पोटुशीचं नाक."

आणि ते हसले. सगळे बावीसजण. शिवलीलाची आई पण हसली, मायेनंच हसली, म्हणाली, "लहानपणापासून नखरेल आहे ती." शिवलीला चौरंगावर बसली होती. तिनं मान खाली घातली. दाक्षायणीनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की ती नजर त्यानं लग्न झाल्यापासून बघितली नव्हती. ती बोलणार एवढ्यात खुर्ची करकरली.

आप्पा उठले होते. उपरणं सरकून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"चन्नप्पा," ते म्हणाले, "पोरीचं नाक चांगलं आहे. पाईप सडका होता, तिथं पडलाय बघा. तिनं ओळखला. मी हुंगून पास केला होता." ते थांबले. श्वास घेतला, दुकानात घ्यायचे तसाच लांब. "मला वास येत नाही. चार वर्षं झाली. मला."

हसणं थांबलं. चन्नप्पांनी पाईपाकडं पाहिलं, मग आप्पांकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाहुण्याचं हसू गेलं आणि शेतकरी उरला.

"आणि गेल्या वर्षी माझ्या विहिरीवर दिलात तो?"

"तो पण," आप्पा म्हणाले.

शिवलीलाच्या आईनं पिशवीतून माहेरचा खण काढला आणि काही न सुचून लेकीच्या हातात दिला. शिवलीलानं तो नाकाशी नेला. तीन आठवड्यांत ती सवयच झाली होती. मग ती चौरंगावरून उठली, पोट सावरत आप्पांपाशी गेली आणि तो खण त्यांच्यापुढं धरला.

"खळीचा वास आहे, आप्पा," ती म्हणाली. "आणि थोडा आईच्या पेटीतल्या कापराचा."